घटस्फोटाची मध्यस्थी, कोर्टाचा निकाल आणि संमती अटींचा कागद

घटस्फोटाचा विषय निघाला की सल्ला देणारे दोन रस्ते सांगतात: मध्यस्थी करा, नाहीतर कोर्टात जा. आपल्या कायद्यात हे रस्ते इतके वेगळे नाहीत. मध्यस्थासमोर सगळं ठरलं, दोघांनी सह्या केल्या, तरी लग्न तिथे संपत नाही. ते संपतं न्यायाधीशाच्या हुकूमनाम्याने. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही विभक्त झालो’ असं लिहून घेतलेले कागद लोक अजूनही जपून ठेवतात. दुसऱ्या लग्नाची वेळ येते तेव्हा कळतं की पहिलं लग्न कायद्याने शाबूत आहे. घटस्फोटाची जुनी रूढी सिद्ध करता येते असे समाज याला अपवाद, पण ती रूढीही कोर्टात सिद्धच करावी लागते.

खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. पैसे, घर, मुलं यांचा निर्णय कोण घेणार? कोणत्या माहितीवर घेणार? आणि समोरच्याने तो पाळला नाही तर पुढे काय? या तीन प्रश्नांवर दोन्ही बाजू तपासाव्यात असं मला वाटतं. इथे मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून लिहितो आहे. विशेष विवाह कायद्याचं कलम २८ संमतीच्या बाबतीत जवळपास तसंच आहे.

आधी लढवलेल्या दाव्याचं. कलम १३ खाली कारण द्यावं लागतं: क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार वगैरे. ‘आमचं जमत नाही’ किंवा ‘संसार कायमचा मोडला आहे’ हे या कायद्यात कारणच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २०२३ ला शिल्पा शैलेश प्रकरणात सांगितलं की संसार सावरण्यापलीकडे गेला असेल तर ते स्वतः राज्यघटनेच्या कलम १४२ खाली लग्न संपुष्टात आणू शकतं. तो अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही. म्हणून खालच्या न्यायालयात प्रत्येक आरोप साक्षी-पुराव्याने उभा करावा लागतो. याचिका, समन्स, लेखी जबाब, अंतरिम पोटगीचा अर्ज, मुद्दे निश्चित करणं, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, मग निकाल. कलम २१ब म्हणतं की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच काही महिने जातात, उलटतपासणी तुकड्यातुकड्यांनी होते, आणि वर्षं उलटतात. निकालानंतर अपील आहेच. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, कलम १५ प्रमाणे पुनर्विवाह करता येत नाही.

परस्पर संमतीचा रस्ता म्हणजे कलम १३ब. किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत, एकत्र राहणं शक्य झालेलं नसावं, आणि लग्न संपवायला दोघे राजी असावेत. ‘वेगळे राहणं’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. एका छताखाली राहूनही ते असू शकतं. याचिका दाखल झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी पुढचं पाऊल नाही आणि अठरा महिन्यांनंतर उपयोग नाही. या सहा महिन्यांची माफी मिळू शकते असं अमरदीप सिंग वि. हरवीन कौर (२०१७) या निकालाने ठरलं. मात्र माफी आपोआप मिळत नाही. याचिकेआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी-ताबा-मालमत्ता यांचा निकाल खरोखर लागलेला असावा, आणि थांबण्याने फक्त त्रास लांबणार असावा. अर्ज याचिकेनंतर एका आठवड्याने करता येतो. यातली तिसरी अट बघा: सगळं ठरलेलं असणं. अर्धवट संमती अटी, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीचा कच्चा कागद, घेऊन गेलात की माफीचा अर्ज तिथेच अडखळतो. म्हणजे मध्यस्थीचा कागद किती पक्का आहे त्यावर तारखासुद्धा ठरतात.

संमतीच्या हुकूमनाम्याचा आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९(२) प्रमाणे दोघांच्या संमतीने झालेल्या आदेशावर अपील नाही. विषय तिथे संपतो.

आता मध्यस्थी प्रत्यक्षात कशी चालते ते. कौटुंबिक न्यायालयात गेलात की बहुधा आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. समुपदेशक पहिल्यांदा संसार पुन्हा जुळतो का ते पाहतो. मध्यस्थाचं काम वेगळं: जुळणार नसेल तर तुटणं कोणत्या अटींवर, हे दोघांकडून ठरवून घेणं. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रातल्या मध्यस्थांचं ४० तासांचं प्रशिक्षण झालेलं असतं आणि तिथे पक्षकारांना फी पडत नाही. खासगी मध्यस्थ नेमला तर फी दोघांत कशी वाटायची ते पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं, कारण फी एकट्याने भरली की दुसऱ्याला मध्यस्थाबद्दल शंका येते.

पहिली बैठक एकत्र होते. मग मध्यस्थ दोघांशी स्वतंत्र बोलतो. तुम्ही खास सांगितल्याशिवाय त्या खोलीतलं तो पलीकडे नेत नाही. वकील सोबत बसू शकतात. नातेवाईकांना मात्र बाहेर ठेवलेलं बरं. बापाच्या किंवा मामाच्या मानापमानावर अडलेली बोलणी मूळ दोघांच्या मुद्द्यांवर अडलेल्या बोलण्यांपेक्षा सोडवायला अवघड जातात. मध्यस्थ निकाल देत नाही, कुणाचं चुकलं हेही सांगत नाही. तडजोड झाली नाही तर न्यायालयाला तो एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. कुणी किती देऊ केलं, कुणी नाकारलं, यातलं काही अहवालात येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मोती राम वि. अशोक कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण हे संरक्षण त्या खोलीपुरतं आहे. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बरं, पंधरा लाख देतो, विषय संपव’ असं लिहिलंत तर तो मेसेज उद्या प्रतिज्ञापत्राला जोडला जाऊ शकतो. आकडे खोलीतच बोलावेत.

मध्यस्थीचं सगळ्यात मोठं दुबळेपण माहितीचं आहे. मध्यस्थाला कुणाकडूनही कागद काढून घेण्याचा अधिकार नाही. न्यायालयाला आहे: ते मालकाला पगाराचा तपशील द्यायला लावू शकतं, बँकेचा साक्षीदार बोलावू शकतं, खोट्या प्रतिज्ञापत्रावर कारवाई करू शकतं. रजनेश वि. नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि दायित्वांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. माझं ठाम मत आहे की ही प्रतिज्ञापत्रं दोन्ही बाजूंनी दाखल झाल्याशिवाय मध्यस्थीत पैशाचा आकडा उच्चारूच नये. ‘आधी आकडा ठरवू, कागद नंतर’ असा आग्रह जो धरतो त्याच्याकडे बहुधा दाखवायचे नसलेले कागद असतात.

कागद मागताना नुसते पगाराचे स्लिप मागून भागत नाही. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पीएफचं पासबुक, म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट, विमा पॉलिसी, चालू कर्जं, घराचा इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), शेती असेल तर सातबारा. एआयएस विशेष कामाचं, कारण विसरलेल्या एफडीचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री हे सगळं त्यात दिसतं. स्वतःचा धंदा असेल तर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि राहणीमान यांची सांगड घालावी लागते. तिथे कर्जाचा अर्ज उपयोगी पडतो: बँकेला सांगितलेलं उत्पन्न पोटगीच्या प्रतिज्ञापत्रातल्या उत्पन्नापेक्षा बरंच जास्त असू शकतं.

मध्यस्थी सुरू आहे म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज थांबवून ठेवू नये. रजनेश वि. नेहा निकालाप्रमाणेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अर्जच केला नसेल तर बोलण्यांत गेलेले महिने पोटगीविना गेले. शिवाय ज्याच्या खिशातून रोज काही जात नाही, त्याला तडजोडीची घाई नसते.

आता संमती अटींबद्दल, ज्यांना कोर्टात सगळे कन्सेन्ट टर्म्स म्हणतात. बहुतेक भांडणं हुकूमनाम्यानंतर पुन्हा पेटतात ती या कागदातल्या एखाद्या ढिल्या ओळीमुळे. एक नेहमीची ओळ घेऊ: ‘पती पत्नीस कायमस्वरूपी पोटगीपोटी २४ लाख रुपये देईल.’ यात कधी, कसे, कुठल्या टप्प्यावर आणि दिले नाहीत तर काय, यातलं काहीच नाही. दोघांची भीती इथेच असते. तिला वाटतं, सही केल्यावर पैसे येणार नाहीत. त्याला वाटतं, पैसे घेऊन ती मागे फिरेल. दोन्ही भीती रास्त आहेत, कारण हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ मध्ये हे सांगितलं आहे. न्यायालयाला दिलेली हमी मोडल्याबद्दल अवमानाची कारवाई होऊ शकते, पण बळजबरीने घटस्फोट मिळत नाही.

उपाय म्हणजे रकमेचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधणं. उदाहरणार्थ, ८ लाख याचिका दाखल होताना, ८ लाख हुकूमनाम्याच्या दिवशी, आणि उरलेले ८ लाख, नवऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल असेल तर, तो उच्च न्यायालयात रद्द होताना. प्रत्येक टप्प्यापुढे बँक खातं, उशीर झाल्यास व्याजाचा दर, आणि संमती मागे घेतल्यास आधीच्या रकमेचं काय, हे लिहायचं. आणि डिमांड ड्राफ्टची मुदत तीन महिने असते हे लक्षात ठेवायचं. याचिकेच्या दिवशी पुढच्या टप्प्याचा ड्राफ्ट काढून वकिलाच्या फाइलमध्ये ठेवला आणि सहा महिन्यांनी न्यायालयात काढला, तर तो वटत नाही. तारीख पडते, संशय वाढतो, कधी कधी इतकं जुळलेलं मोडतं. त्यापेक्षा रक्कम न्यायालयात जमा करून एफडीत ठेवावी, किंवा ताजा ड्राफ्ट त्याच आठवड्यात काढून त्याचा क्रमांक पुरशिशीत, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात, लिहावा.

एकरकमी की दरमहा? एकरकमीचा फायदा म्हणजे वसुलीचा पाठपुरावा नाही. शिवाय अशी रक्कम सहसा घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरली जात नाही; दरमहाची धरली जाते. दरमहा पोटगी कलम २५ खाली परिस्थिती बदलल्यास कमी-जास्त होऊ शकते, पुनर्विवाहानंतर थांबू शकते. देणाऱ्याची नोकरी अस्थिर असेल किंवा तो परदेशी जाणार असेल तर मी एकरकमीच्या बाजूने आहे, आकडा थोडा खाली आला तरी.

मुलाची पोटगी मात्र आईच्या रकमेत मिसळू नये. ‘स्वतःसाठी व मुलासाठी सर्व हक्क सोडत आहे’ ही ओळ बऱ्याच मसुद्यांत आयती चिकटवलेली असते. मुलाचा हक्क आई सोडू शकत नाही; असं लिहिलेलं असलं तरी मुलाच्या वतीने पुढे अर्ज करता येतो. म्हणून मुलासाठी वेगळं कलम, दर दोन वर्षांनी ठरावीक टक्के वाढ, शाळेची फी परस्पर शाळेत, आरोग्य विम्याचा हप्ता कुणाकडे, आणि अठरा वर्षांनंतरच्या शिक्षणाचं काय.

भेटीच्या हक्काबद्दल ‘पित्यास मुलीला भेटण्याचा वाजवी अधिकार राहील’ ही ओळ तर भांडणाचं आमंत्रणच. वाजवी म्हणजे काय हे दर शनिवारी नव्याने ठरवावं लागतं. त्याऐवजी असं लिहिता येतं: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६; मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकाशी घ्यायचं, तिथेच सोडायचं; ४५ मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर मेसेज; मुलगी आजारी असेल तर ती भेट पुढच्या शनिवारी; दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी अर्धी, पहिला भाग सम वर्षी कुणाकडे ते नमूद; बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. पासपोर्ट कुणाकडे राहणार, परदेश प्रवासाला किती दिवस आधी लेखी कळवायचं, शाळा किंवा शहर बदलताना दुसऱ्याची संमती लागेल का, हेही त्यातच. इतकं बारीक लिहायला मध्यस्थाकडे वेळ असतो. रोज डझनांनी प्रकरणं पाहणाऱ्या न्यायाधीशाकडे तो नसतो, त्यामुळे लढवलेल्या दाव्यातले भेटीचे आदेश बरेचदा दोन ओळींचे असतात. मुलांच्या बाबतीत मध्यस्थी उजवी ठरते ती इथे. ताबा आणि भेटीच्या अटी कायमच्या अंतिम कधीच नसतात. मुलाचं हित बदललं तर न्यायालय त्या बदलू शकतं, संमती अटी काहीही म्हणोत.

घराचं काम नीट क्रमाने करावं लागतं. ‘सदर फ्लॅट पत्नीस देण्यात येत आहे’ एवढ्या ओळीवर इंडेक्स टूवरचं नाव बदलत नाही. नोंदणीकृत दस्त लागतो. महाराष्ट्रात निवासी घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीत केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी. हुकूमनामा झाल्यावर दोघं पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलतही उरत नाही. दस्त हुकूमनाम्याच्या आधी व्हावा, आणि त्याची भीती वाटत असेल तर त्याच दिवशी सकाळी. कर्ज चालू असेल तर बँक संमती अटींना बांधील नसते. सहकर्जदार म्हणून नाव राहिलं की हप्ता चुकल्यावर फोन दोघांनाही येतो आणि सिबिल स्कोअर दोघांचाही पडतो. बँकेचं ना-हरकत पत्र किंवा कर्ज एकाच्या नावावर फिरवणं हे आधी, सह्या नंतर.

स्त्रीधनाची यादी वजनासकट करावी आणि वस्तू मध्यस्थासमोर किंवा न्यायालयात मोजून, फोटो काढून, पोच घेऊन द्याव्यात. ‘सर्व स्त्रीधन मिळाले’ असं आधी लिहून नंतर लॉकर उघडायला गेल्यावर वाद होतात.

फौजदारी बाजू सर्वांत जास्त गैरसमजाची. ४९८अ चा, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा गुन्हा, १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६, मध्यस्थाच्या करारानेही मागे घेता येत नाही आणि कौटुंबिक न्यायालयातही संपत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रद्द करण्याची याचिका करावी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली, आणि तक्रारदाराचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. बी. एस. जोशी (२००३) आणि ग्यान सिंग (२०१२) या निकालांनी हा मार्ग मोकळा केला. संमती अटींत प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, न्यायालय, आणि ते कोण किती दिवसांत काढणार हे लिहावं. सासू-सासरे, नणंद यांची नावं वेगळी आरोपी म्हणून असतील तर त्यांचाही स्पष्ट उल्लेख हवा. ‘एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेण्यात येतील’ या ओळीतून एखादी केस हमखास सुटते.

काही वेळा मध्यस्थीला बसूच नये, निदान लगेच नाही. मारहाण सुरू असेल, घरातून बाहेर काढलं असेल, किंवा समोर बसल्यावर एकाच्या तोंडून शब्दच फुटत नसेल, तर आधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहण्याचा आदेश घ्यावा. बोलणी सुरू करण्यासाठी तो आदेश किंवा अर्ज मागे घेण्याची अट मान्य करू नये; शेवटच्या टप्प्यावर तो मागे घेता येतोच. एकत्र बैठक नको असं मध्यस्थाला सांगता येतं, वेगवेगळ्या दिवशी बोलवायला सांगता येतं. मालमत्ता लपवली जाते आहे याचे ठोस धागे असतील तरी आधी न्यायालयातून कागद बाहेर काढावेत. आणि समोरच्याला घटस्फोटच नको असेल तर मध्यस्थाकडे त्याला इलाज नाही. कलम १३ खालचा दावा चालवणं एवढंच उरतं. पोटगी आणि भेटीपुरती तडजोड मात्र तेव्हाही होऊ शकते, आणि ती केली तर दाव्यातली निम्मी कटुता कमी होते.

हुकूमनामा मिळाला की प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवाव्यात. पासपोर्ट, बँक, शाळा, सोसायटी सगळीकडे एकेक लागते. विमा, पीएफ, डीमॅट आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. ते प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करून बदलावं लागतं, आणि संयुक्त लॉकर दोघांनी एकत्र जाऊन रिकामा करून बंद करावा लागतो.